सोळा बाय सोळा

सोळा चौकटी आडव्या, सोळा उभ्या.
एवढ्यात डुक्कर बसवायचं होतं.
साल सत्त्याऐंशी, ओसाका,
तिसऱ्या मजल्यावरची खोली, खाली किल्ल्या घासून देणारा.
रंग तीन. चौथा पारदर्शक,
म्हणजे डुकरातून मागचं आभाळ जिथे दिसतं, तो.

नोनोमुरा साहेब म्हणाले, शत्रू हवाय.
पहिल्याच टप्प्यावरचा, सोपा,
मारताना पोरांना वाईट वाटू नये असा.
सुळे काढ. भुवया तिरक्या कर.

मी तिरक्या केल्या.
डुकराला अशा भुवया नसतात, हे त्या खोलीत
मला एकटीलाच ठाऊक होतं.
कागोशिमात आमच्या घरामागे चाळीस डुकरं,
काळी, चारही पायांत पांढरे मोजे घातल्यासारखी.
नोकरी मागताना वडिलांचा धंदा विचारला
तेव्हा मी शेती म्हणाले होते,
आणि रताळ्यांवर बराच वेळ बोलले होते.

डुक्कर गुलाबीच ठरलं.
पाय मात्र मी पांढरे केले.
कुणी विचारलं असतं तर चुकून झालं म्हणाले असते.
कुणी विचारलं नाही.

त्याचं चालणं दोन चित्रांचं. हे, ते, हे, ते.
मधलं सगळं बघणाऱ्याचा डोळा पदरचं घालतो.
मुसंडी मारता येत नाही त्याला, नुसतं येत राहतं.
कड्यापाशी थांबतही नाही.
थांबायला लागणारी जागा
कुसाकाने ढगांसाठी राखून ठेवली होती.
म्हणून ते चालतं आणि पडतं.
पडद्याबाहेर गेलं की नसतंच.
मागे फिरून आलात तर पुन्हा पहिल्या जागी,
त्याच भुवयांसकट.

हातानोने मरतानाचा आवाज ऐकवला.
मी म्हणाले, असं नाही ओरडत ते.
तो म्हणाला, तुला काय माहीत?
मी म्हणाले, काही नाही, ठेव तोच.

नोव्हेंबरात वडील आले, मूत्रपिंडाच्या तपासणीला.
बूट दाराशी काढले. मोज्याला अंगठ्यापाशी रफू.
साहेबांनी कौतुकाने खेळ त्यांच्या हातात दिला.
त्यांनी तो ओंजळीत धरला, भाताच्या वाडग्यासारखा.
डुक्कर आलं. वडिलांनी उडी मारली नाही.
एक जीव गेला.
पुन्हा आलं. दुसरा गेला.
तिसऱ्या वेळी ते काचेजवळ वाकले,
बोट टेकवून म्हणाले,
हिचा मागचा पाय दुखतोय.

सगळे हसले. मीही,
सगळ्यांच्या मागून, थोडी उशिरा.

स्टेशनवर त्यांनी विचारलं,
मेल्यावर त्याचं काय करतात?
नाहीसं होतं, म्हटलं.
मांस?
नाही.
मग मारतात कशाला?
गुण मिळतात, बाबा. शंभर.
ते फलाटाच्या कडेकडे बघत राहिले.
आपल्याला किलोमागे मिळतात त्याहून कमीच की,
म्हणाले, आणि रताळ्यांची पिशवी माझ्या हातात देऊन
डब्यात चढले. जागा मिळाली का ते दिसलं नाही.

रात्री दुसरं चित्र उघडलं.
चौदावी ओळ, बारावं घर.
खरंच, एक ठिपका खाली सरकला होता.
माझ्याच हातून, कधीतरी.
वर घेतला. डुक्कर चालायला लागलं.
सरळ, दुकानातल्या खेळण्यासारखं.
दहा मिनिटं बघत बसले.
खालचा किल्लीवाला दुकान बंद करत होता,
शटर अर्ध्यात अडकलं, त्याने लाथ घातली.

मग ठिपका परत खाली ठेवला.
शुक्रवारी ते सगळं कारखान्यात गेलं.

भुवयांना हात लावला नाही.
त्या साहेबांच्या.